ज्याची ओळ त्याचं टोकन

कारखान्यात महजबीनला सगळे 'कॉम्प्युटरवाली मॅडम' म्हणायचे. तिचं काम म्हणजे प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढणं, एवढीच बहुतेकांची समजूत होती, आणि हंगामातले निम्मे दिवस ती खरीही असायची.

अंबडच्या बसस्टँडमागं लालमियाँचं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. त्यांची ही थोरली मुलगी. संभाजीनगरला एमसीए केलं, तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली आणि कंपनीनं तिला गोदाकाठच्या या साखर कारखान्यावर आणून बसवलं. दुसरं कुणी इकडं यायला राजी नव्हतं. ऊस मोजणाऱ्या चारही काट्यांचा कारभार कंपनीच्या जावा प्रोग्रॅमवर चालायचा. ट्रॅक्टर काट्यावर चढला की ऑपरेटर टोकन नंबर टाकणार आणि भरलेल्या गाडीचं वजन नोंदणार. ऊस गाळपाच्या गव्हाणीत उतरवून गाडी परत आली की रिकामं वजन. दोन्हींची वजाबाकी म्हणजे त्या शेतकऱ्याचा ऊस. दिवसाला सातशे-आठशे गाड्या, आणि या सगळ्याच्या मधोमध एका गार खोलीत एक सर्व्हर. त्या खोलीची चावी महजबीनकडं.

जानेवारीत एका सकाळी सगुणाबाईंचा ट्रॅक्टर दोन नंबरच्या काट्यावर उभा राहिला तो हलेचना. ऊस उतरवून झाला होता, पावती हातात आली होती, मागं गाड्यांची रांग लागली होती, आणि सगुणाबाई ट्रॅक्टरच्या मडगार्डवर पदर खोचून बसल्या होत्या.

"परवा ह्याच दोन ट्रॉल्या, हीच टोळी, हाच फड. ईस टन भरला. आज नऊ कसा?" त्या म्हणाल्या. "अकरा टन ऊस वाटंत सांडला म्हणता का?"

काट्यावर तातेराव होता. सतरा हंगाम त्यानं तोच काटा सांभाळला होता. तो म्हणाला, "मावशी, काट्यानं दावलं तेच म्या घेतलं. माझ्या हातात काय हाय?"

चौकशी सुरू झाली तेव्हा वेगळंच निघालं. त्याच सुमाराला तीन नंबरच्या काट्यावर एका शेतकऱ्याच्या एकाच ट्रॉलीत तेवीस टन ऊस लागला होता. एका ट्रॉलीत तेवढा ऊस मावतच नाही. तो शेतकरी काही न बोलता पावती खिशात घालून निघून गेला होता, कारण जास्त लागलेल्या वजनाची तक्रार कुणी करत नाही. आणि तो निघाला तातेरावच्या भावकीतला. मग कुणाला आणखी पुरावा लागला नाही. तातेरावनं मुद्दाम चुकीचं टोकन टाकून सगुणाबाईंचं वजन आपल्या माणसाच्या नावावर घातलं, असं ठरलं. दुपारपर्यंत निलंबनाची नोटीस बोर्डावर लागली, पंधरा दिवसांनी सुनावणी.

संध्याकाळी तातेराव सर्व्हरच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. चपला बाहेर काढून.

"मॅडम, म्या काय दाबलं, काय न्हाई, ते तुमच्या मशिनीत कुठं राह्यतं का?"

"राहतं मामा. त्याला लॉग म्हणतात. बघते."

चालू असताना प्रोग्रॅमनं काय काय केलं ते तो स्वतःच एका फाइलीत ओळीओळीनं लिहीत जातो, तो लॉग. किती बारकाईनं लिहायचं, कुठं लिहायचं, किती दिवस ठेवायचं हे एका वेगळ्या छोट्या फाइलीत ठरवून दिलेलं असतं. महजबीननं तीन वर्षांत ती छोटी फाइल कधी उघडली नव्हती. उघडली तेव्हा तिला स्वतःचीच लाज वाटली. फक्त चुका लिहा, असं तिच्यात म्हटलं होतं. म्हणजे प्रोग्रॅमला स्वतःला कळलेल्या चुका. सगुणाबाईंचा ऊस दुसऱ्याच्या नावावर घालताना प्रोग्रॅमला काही चुकल्यासारखं वाटलंच नव्हतं. शिवाय फाइल भरली की जुनं पुसून त्यावरच नवं लिहायची सोय. त्या सकाळची एकही ओळ शिल्लक नव्हती.

"काहीच न्हाई?" तातेरावनं विचारलं.

"तुमच्या बाजूनं न्हाई. तुमच्या विरोधातबी न्हाई."

"मंग मी चोरच," तो म्हणाला आणि चपला घालून निघून गेला.

हे वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. घरी जेवताना तिनं सगळं सांगितलं. लालमियाँ नुकतेच दुकानातून आले होते, बोटांना वॉर्निशचा वास होता. ते म्हणाले, "मोटर जली तो सब पहले चलानेवाले कोच बोलते. सालदार ने जलाया, पोरगे ने जलाया. मैं पूछतौं, खोल के देखे क्या? नै ना? फिर कैसा बोलते?"

"खोलने को कुछ बचाच नै अब्बा."

"तो अगली बार के वास्ते बचा के रख."

दुसऱ्या दिवशी तिनं त्या छोट्या फाइलीत लिहिलं: सगळं लिहायचं, बारीकसारीक सुद्धा, दर दिवसाची फाइल वेगळी, नव्वद दिवस एकही पुसायची नाही. ती फाइल बदलली की सर्व्हर बंद न करता नवे नियम लागू व्हायचे. कंपनीनं तिला दिलेल्या कामाच्या यादीत या फाइलीची देखभाल तिचीच होती, हे तिनं आधी वाचून घेतलं होतं.

दिवसभरात दोन लाख ओळी जमल्या, आणि त्यांचा काही उपयोग नव्हता. चार काट्यांवर एकाच वेळी चार गाड्या उभ्या असतात. प्रोग्रॅम प्रत्येक गाडीचं काम एका स्वतंत्र धाग्यावर चालवतो, त्याला थ्रेड म्हणतात, आणि हे सगळे थ्रेड एकाच लॉगमध्ये लिहितात. टोकन वाचलं, टोकन वाचलं, वजन घेतलं, नोंद केली, वजन घेतलं. कुठली ओळ कुठल्या गाडीची, काही पत्ता नाही.

तेव्हा तिनं तीसेक ओळींचा एक छोटा तुकडा लिहिला. काट्यावरून आलेली प्रत्येक मागणी आत जाण्याआधी या तुकड्यातून जाणार. तो त्या थ्रेडला चिकटवून ठेवणार की ही गाडी अमुक टोकनची, अमुक काट्यावरची. मग तो थ्रेड पुढं जे काही लिहील, त्या प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ते टोकन आपोआप येणार. ज्याची ओळ त्याचं टोकन. शेतकी अधिकारी भागवत साहेबांना सांगून, गव्हाणीच्या साफसफाईसाठी काटे थांबले त्या तासाभरात तिनं तो बसवला. कंपनीतल्या तिच्या वरिष्ठांना, प्रितम सरांना, ईमेल टाकला.

प्रितमचा फोन लगेच आला. "कुणी सांगितलं तुला? आपल्या सॉफ्टवेअरमध्ये काही दोष नाही. आपण तसं लिहून दिलंय कारखान्याला."

"सर, दोष नाही हे आपल्याला कसं कळलं? लॉग तर नव्हता."

"दहा कारखान्यांत चालतंय ते. ऑपरेटर चोर असला तर त्यात आपला काय संबंध?"

"चोर असला तर लॉगमध्ये तेही येईल," ती म्हणाली. "येऊ द्या की."

चार दिवसांत तिच्याकडं एकशे चाळीस विसंगत ओळी जमल्या. ओळीच्या सुरुवातीला एक टोकन, आणि ओळीतलं काम दुसऱ्याच गाडीचं. तिला वाटलं, सापडलं. सुनावणीची वाट न बघता तिनं भागवत साहेबांच्या केबिनमध्ये कागद मांडले. प्रितम संभाजीनगरहून खास आला होता. त्यानं शांतपणे मधलाच एक कागद उचलला.

"टोकन अठराशे बारा. या ओळीप्रमाणं ही गाडी दुपारी चार वाजता काट्यावर आहे. साहेब, ही गाडी सकाळी अकराला रिकामी होऊन गावी गेली. पावती बघा. म्हणजे मॅडमचा लॉगच खोटा."

केबिनमध्ये दोघं-तिघं हसले. महजबीननं तो कागद मागून घेतला आणि तिला आपली चूक दिसली. थ्रेड दर गाडीला नवीन जन्मत नाहीत. ठरावीक थ्रेड असतात आणि तेच पुन्हा पुन्हा कामाला लावले जातात. काम संपल्यावर थ्रेडला चिकटवलेलं टोकन काढायला ती विसरली होती. टोकन नसलेलं एखादं किरकोळ काम त्या थ्रेडकडं आलं की ते सकाळच्या गाडीच्याच नावावर लागायचं.

"चूक माझी आहे," ती उभी राहून म्हणाली. "या कागदांतला एकही धरू नका. दुरुस्त करून पुन्हा आणते."

"पुन्हा कशाला?" प्रितम म्हणाला. "संपला की विषय."

"माझी चूक सापडली सर. तुमची अजून शोधायची राह्यलीय."

भागवत साहेबांनी कागद गोळा करून तिच्या हातात दिले.

तिनं त्या तुकड्यात शेवटी एक ओळ घातली: काम नीट संपो की अर्ध्यात मोडो, टोकन काढलंच पाहिजे. एकशे चाळीसपैकी एकशे अडतीस विसंगती तिच्या चुकीमुळं आलेल्या निघाल्या. दोन उरल्या. पण त्या जुन्या, चुकीच्या लॉगमधल्या. त्यांच्यावर आता कोण विश्वास ठेवणार? नव्यानं पकडायला हवं होतं. रोज सकाळी ती काळीपिवळीनं अंबडहून यायची तेव्हा कारखान्याच्या गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर तातेराव बसलेला असायचा. कामावर यायला बंदी, पण गावात बसून लोकांचे डोळे झेलण्यापेक्षा इथं बरं, असं तो म्हणायचा. तो काही विचारत नसे. ती नुसती मान हलवायची.

मग काटे रेंगाळायला लागले. पावती यायला पूर्वी दोन सेकंद लागायचे, आता सहा-सात. ड्रायव्हर हॉर्न वाजवायचे. खरंच कारण लॉगचंच होतं. प्रत्येक ओळ जुन्या डिस्कवर लिहून होईपर्यंत गाडीचं काम थांबून राहायचं. प्रितमला हेच हवं होतं. त्यानं फोनवर सांगितलं, "बंद कर ते सगळं. आजच."

"हळू झालंय ते दुरुस्त करते सर. बंद नाही करत."

ती दिवसभर त्या छोट्या फाइलीला चिकटून बसली. ओळी आधी एका रांगेत टाकायच्या आणि लिहिण्याचं काम मागं एका वेगळ्या थ्रेडनं सावकाश करायचं, अशी सोय होती. ती तिनं सुरू केली. काटे पुन्हा पळायला लागले. पण वाचता वाचता तिच्या लक्षात आलं की ही रांग भरत आली की आपल्याच मनानं बारीकसारीक ओळी टाकून देते आणि इशारे नि चुका तेवढ्या ठेवते. तिला तर नेमक्या त्या बारीक ओळीच हव्या होत्या. तिनं रांग मोठी केली आणि लिहिलं, एकही टाकून द्यायची नाही.

सुनावणीला तीन दिवस उरले असताना प्रितम पुन्हा आला. या वेळी केबिनमध्ये न जाता सरळ सर्व्हरच्या खोलीत.

"महजबीन, मी तुला शेवटचं सांगतो. लॉग बंद. पूर्वी होता तसा ठेव."

"लेखी द्या सर."

"काय?"

"'सुनावणी चालू असताना काट्याचा लॉग बंद करावा', एवढं लिहा. खाली सही. भागवत साहेबांना एक प्रत. मी लगेच बंद करते."

"तुला कळतंय का तू कुणाशी बोलून राह्यलीस?" प्रितम मूळचा भोकरदनकडचा. चिडला की त्याची शहरी भाषा सुटायची.

"बराबर कळतंय. म्हणूनच लेखी मागतेय."

तो दारापर्यंत गेला. मग म्हणाला, "सोमवारपासून तू इथं नसशील." लिहून मात्र त्यानं काही दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, दुपारी तीन वाजून बारा मिनिटांनी महजबीनच्या पडद्यावर दोन ओळी आल्या. तिनं असं लावून ठेवलं होतं की न जुळणाऱ्या ओळी तेवढ्याच दिसाव्यात, आणि चार दिवस तो पडदा कोरा होता. पहिल्या ओळीच्या सुरुवातीला होतं, काटा एक, टोकन सहाशे चार. पुढं लिहिलं होतं, टोकन सहाशे एकोणीसच्या नावावर वजन नोंदवलं. दुसरी ओळ काटा चारची, टोकन सहाशे एकोणीसची, आणि तीही उलटी. दोन्हींची वेळ सेकंदापर्यंत एकच, फरक मिलिसेकंदांचा.

ती खुर्ची लोटून बाहेर पळाली. दोन्ही गाड्यांचं भरलेलं वजन झालं होतं, पण ऊस अजून ट्रॉल्यांतच होता. गव्हाणीत एकदा ऊस पडला की सांगायला काही उरणार नव्हतं. यार्डात सव्वाशे गाड्या उभ्या, पाचटाचा कचरा उडतोय, ट्रॅक्टरांच्या टेपवर गाणी चालू. सहाशे एकोणीसचा ट्रॅक्टर अजून मागं रांगेत होता, पण सहाशे चारचा गव्हाणीच्या तोंडाशी, पुढं एकच गाडी. महजबीन त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"बाजूला हो बाई, नंबर जाईल माझा," ड्रायव्हर ओरडला.

"ऊस उतरवू नका. भागवत साहेब येईपर्यंत थांबा."

"तू कोण थांबवणार?"

"कॉम्प्युटरवाली," ती म्हणाली आणि हलली नाही.

मागून हॉर्न सुरू झाले. कुणीतरी शिवी दिली. तिनं फोन काढून भागवत साहेबांना लावला, तो त्यांनी दुसऱ्या खेपेला उचलला. तेवढ्यात रांगेतून एक बाई पुढं आली. सगुणाबाई. त्यांचीही गाडी त्या दिवशी आली होती. काय चाललंय ते त्यांनी एका वाक्यात विचारलं, महजबीननं एका वाक्यात सांगितलं, आणि सगुणाबाई शेजारी येऊन उभ्या राहिल्या. "चालव आता आमच्या दोघींवरून," त्या ड्रायव्हरला म्हणाल्या. त्यानं इंजिन बंद केलं.

भागवत साहेब आले. ते घाबरट म्हणून प्रसिद्ध होते, पण वजनाच्या बाबतीत आपल्या डोळ्यांवर त्यांचा विश्वास होता. दोन्ही गाड्या त्यांनी तीन नंबरच्या काट्यावर आणवल्या, ऑपरेटरला उठवलं आणि स्वतः आकडे बघितले. सहाशे चार, दोन ट्रॉल्या: अठ्ठावीस टन चारशे किलो. कॉम्प्युटरमध्ये सतरा टन. सहाशे एकोणीस, एक ट्रॉली: सतरा टन. कॉम्प्युटरमध्ये अठ्ठावीस चारशे.

"एक आणि चार नंबरवर ऑपरेटर कोण होते?" त्यांनी विचारलं. दोन नावं आली. एकाला दुसऱ्याचं गावसुद्धा माहीत नव्हतं.

"आणि तातेराव?"

"तो गेटाबाहेर चहा पितोय साहेब," महजबीन म्हणाली. "तेरा दिवस झाले."

सोमवारी सुनावणीत तिनं चौदा पानं ठेवली. प्रोग्रॅमचा दोष तिनं शोधून ठेवला होता: चालू गाडीची माहिती ठेवायला आत एकच सामाईक जागा होती आणि चारही थ्रेड तीच वापरायचे. दोन काट्यांवर त्याच क्षणी बटण दाबलं गेलं की दोघांच्या माहितीची अदलाबदल व्हायची. आठवड्यात एखाद्या वेळी. प्रत्येक थ्रेडला आपली वेगळी जागा दिली की झालं. प्रितमच्या कंपनीनं ती दुरुस्ती दोन दिवसांत पाठवली. अकरा ओळींची होती.

तातेरावला 'उद्यापासून ये' असा निरोप गेला. तो आला, पण काट्याच्या केबिनमध्ये शिरेना. "चोर म्हणून बोर्डावर लावल्तं," तो म्हणाला. "न्हाई म्हणूनबी बोर्डावरच लावा. मंग बसतो." दोन दिवस त्यानं कुणाचं ऐकलं नाही. तिसऱ्या दिवशी कार्यकारी संचालकांच्या सहीचा कागद बोर्डावर लागला: तातेराव निर्दोष, चूक संगणक प्रणालीची. सगुणाबाईंच्या पावतीवर वीस टन आले. तेवीस टनवाल्या भावकीच्या माणसाचं वजन तेवढं कमी झालं, म्हणून त्यानं आठ दिवस तातेरावशी बोलणं टाकलं.

महजबीनला मात्र कंपनीनं खरंच उचललं. बदली पुण्याला, कामाचं स्वरूप नंतर कळवू. त्यासोबत प्रितमनं एक अहवाल पाठवला, तिनं सही करून द्यायचा. त्यात लिहिलं होतं की कंपनीच्या नियमित देखभालीत, कंपनीच्या मार्गदर्शनाखाली, सदर दोष आढळला व तत्परतेनं दूर करण्यात आला.

तिनं तो अहवाल कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये बसून दोनदा वाचला. मग पेनानं 'मार्गदर्शनाखाली' या शब्दावर रेघ मारली आणि वर लिहिलं, 'विरोधाला न जुमानता'. खाली सही केली, तारीख घातली, स्कॅन करून पाठवला. त्याच ईमेलमध्ये राजीनामाही होता, दोन ओळींचा.

फोन दहा मिनिटांत आला. "हे असं चालत नाही," प्रितम म्हणाला. "मी दुसरी प्रत पाठवतो, तिच्यावर सही कर. राजीनाम्याचं आपण बघू."

"दुसरी प्रत पाठवा," महजबीन म्हणाली. "तिच्यावरही हेच लिहीन."

त्यानंतर प्रत आली नाही. आता ती जालन्यातल्या एका डाळ मिलचं आणि दोन जिनिंगचं काम स्वतःच्या नावानं बघते. अंबडला बसस्टँडमागं, वडलांच्या दुकानाच्या माडीवर टेबल टाकलंय. मागच्या महिन्यात एका मिलमालकानं तिला विचारलं, एवढं सगळं लिहून ठेवायची काय गरज, आमच्याकडं कुणी चोर नाही. ती म्हणाली, "नसेलच. पण उद्या तुम्ही कुणाला म्हणालात, तर त्याच्याकडं दाखवायला काहीतरी पाहिजे ना." मालकाला ते आवडलं नाही. काम मात्र त्यानं तिलाच दिलं.